टीव्हीसमोरील बुद्धमूर्ती आणि प्रेक्षकाची जबाबदारी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलेच्या इतिहासात एक मोठे स्थित्यंतर घडले. तोवर केवळ पाहणारा असलेला प्रेक्षक कलाकृती घडविणारा घटक बनला. या स्थित्यंतराच्या प्रवर्तकांत नाम जून पाइक (१९३२–२००६) यांचे स्थान अग्रभागी आहे. कोरियात सोल येथे जन्मलेले पाइक टोकियो विद्यापीठातून १९५६ साली पदवी घेऊन संगीताच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेले.

मार्च १९६३ मध्ये वुपरताल येथील पारनास कलादालनात त्यांनी दूरदर्शन-संच मांडले. एका संचास मायक्रोफोन जोडला होता. प्रेक्षक बोलला की पडद्यावर प्रकाशबिंदू उसळत. भिंतीवर चिकटविलेल्या ध्वनिफितींवरून टेपरेकॉर्डरचे सुटे हेड फिरवून ज्याला त्याला आपला नाद निर्माण करता येई. दूरदर्शन तेव्हा एकमार्गी होते. काय दिसावे हे प्रक्षेपण करणारेच ठरवीत. तो अधिकार पाइक यांनी पाहणाऱ्याच्या हाती दिला.

१९७४ साली त्यांनी ‘टीव्ही बुद्ध’ ही रचना सिद्ध केली. एक बुद्धमूर्ती टीव्हीसमोर बसली आहे. कॅमेरा तिचीच प्रतिमा त्याच क्षणी पडद्यावर दाखवितो. मूर्तीमागे जो उभा राहील, तोही त्या चित्रात येतो. मूर्ती, कॅमेरा, प्रकाश व प्रेक्षक यांतील एक बदलला की चित्र बदलते. कारणसामग्रीवाचून काहीही उद्भवत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त येथे सहज आठवतो.

तथापि यावरून जग हा केवळ मनाचा खेळ आहे, असा निष्कर्ष काढणे घातक होय. तसे मानले तर दारिद्र्य व अन्यायही भासच ठरतील! स्वतः पाइक याबाबत सावध होते. आशियातील दारिद्र्याचे समर्थन न करता झेनचे समर्थन कसे करावे, असा प्रश्न त्यांनी १९६४ च्या एका लेखात उपस्थित केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५० सालीच, ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ या इंग्रजी निबंधात, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, असे निःसंदिग्धपणे बजावले होते.

म्हणून या कलेचा खरा बोध आम्हांस असा वाटतो : पाहणारा तटस्थ नसतो. दिसणाऱ्या वास्तवाच्या कारणांत त्याची कृती व त्याचे मौन ही दोन्ही समाविष्ट असतात. मनुष्याच्या कृतीने घडलेले वास्तव मनुष्याच्या कृतीने बदलते. ते बदलण्याची जबाबदारी टाळणारे ध्यान सम्यक् म्हणता येणार नाही.