उष्णतेचे आवरण

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधकांची चरित्रे विपुल आढळतात. परंतु उष्णता कोठे कोंडावी आणि कोठे मोकळी सोडावी या विवेकाचा इतिहास, ज्याच्यावर घाट चढणाऱ्या मालट्रकची ताकद आजही काही अंशी अवलंबून आहे, सहसा कोणी लिहीत नाही.

या विवेकाचा एक जुना दस्तऐवज म्हणजे जेम्स वॉटची वाफेच्या इंजिनाविषयीची 1769 सालची पेटंटची सनद. सिलिंडर आत येणाऱ्या वाफेइतकेच तप्त राहिले पाहिजे, आणि त्यासाठी त्यास लाकडाचे अथवा उष्णता मंदगतीने वाहून नेणाऱ्या अन्य पदार्थाचे वेष्टन असावे, असे वॉटने तीत नमूद केले आहे. पुढे लाकडाच्या जागी नमदा आणि ॲस्बेस्टॉस आले. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरून किती कारागिरांचा घात करतात, हे ध्यानी येऊन ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी येण्यास मात्र 1999 साल उजाडावे लागले.

रुडॉल्फ डीझेलच्या इंजिनाने 1897 साली ऑग्सबर्ग येथील परीक्षेत इंधनातील उष्णतेच्या चौथाईहून किंचित अधिक भाग कामी लावला, आणि तो त्या काळी विक्रमच होता. तरीही उरलेल्या उष्णतेचा फार मोठा हिस्सा धुरावाटे वाया जात होता. त्याच धुराकडून चक्र फिरवून घ्यावे आणि त्या चक्राने सिलिंडरात अधिक हवा भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने 1905 साली पेटंटात मांडली. दोन दशकांनी ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांवर ती फळास आली व तेथील इंजिनांची शक्ती 1750 अश्वशक्तीवरून 2500 वर गेली. धुरावर फिरून हवा भरणारे हे यंत्र, म्हणजेच टर्बो, स्विस झाउरर कंपनीने 1938 साली ट्रकच्या इंजिनावर आणले.

टर्बोचे चक्र धुराच्या उष्णतेवर जगत असल्यामुळे वाटेत निसटलेली प्रत्येक मात्रा हे त्याचे नुकसानच होय. म्हणून सिलिंडरांतील धूर एकत्र आणणारे मॅनिफोल्ड, धुराने फिरणाऱ्या टर्बाइनचे कवच व पुढील नळी यांना काचतंतू, सिलिका वा बेसाल्टतंतूंची गादी पोलादी तारेने आवळून बसवितात. हवा दाबून भरणाऱ्या कंप्रेसरची बाजू मात्र उघडी ठेवतात, कारण तापलेली हवा विरळ होते आणि सिलिंडरात कमी मावते. चढण संपताच इंजिन लगेच बंद केल्यास कोंडलेल्या उष्णतेने बेअरिंगमधील तेल करपते. म्हणून चढण संपवून थांबलेला जाणता चालक इंजिन काही वेळ मंद चालू ठेवतो.

उष्णता कोंडण्याच्या मर्यादेचा धडा अमेरिकेत मिळाला. ज्या कमिन्सने किर्लोस्करांच्या सहभागाने 1962 साली पुण्यात कारखाना उभारला, त्याच कंपनीने अमेरिकी सैन्यासह 1970 आणि 1980 च्या दशकांत पाणी न लागणारे, सिरॅमिकने उष्णता कोंडलेले इंजिन घडविण्याची तजवीज केली. परंतु तप्त भिंतींनी आत येणारी हवाच तापली, वंगणास इतकी धग सोसेना, आणि वाचलेली बरीचशी उष्णता धुरावाटेच निघून गेली.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठी भारत स्टेज सहा हे प्रदूषण-मानक जारी झाल्यावर धुराच्या वाटेवरील आवरणास नवे प्रयोजन लाभले; युरियाच्या साह्याने नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे नष्ट करणाऱ्या यंत्रणेस सुमारे 200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची गरज असते. तेव्हा शक्तीसाठी आणि शुद्ध हवेसाठीही धुराची वाट झाकावी. पण कंप्रेसर झाकू नये आणि वंगणास निवण्याची उसंत द्यावी, हाच या इतिहासाचा निवाडा आहे.