शिपायाची शपथ आणि समुद्राचें कलम

सैन्यांत शिरतांना मनुष्य जी शपथ घेतो, ती एका अर्थानें करारच होय. परंतु या करारांतील शब्दांचा अर्थ कोणीं लावावयाचा, हा प्रश्न शपथ घेतांना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाली फौजेंत तो पुनःपुन्हा उपस्थित झाला.

या फौजेंत अयोध्या व बिहार प्रांतांतील ब्राह्मण-रजपुतांचा भरणा फार. भरतीसाठीं सरकारास दवंडी पिटावी लागत नसे. रजेवर गेलेला शिपाई परततांना धाकटा भाऊ, पुतण्या, नाहींतर गांवचा एखादा होतकरू पोरगा बरोबर घेऊन येई. दरमहा ७ रुपये पगार आणि म्हातारपणीं पेन्शन, एवढें आमिष पुरेसें होतें. शिवाय बहुतेक पलटणींना समुद्रपार जाण्याचें बंधन नव्हतें. समुद्रयानानें जात जाते अशी ज्यांची दृढ समजूत, त्यांना ही सवलत पगाराहून मोलाची वाटे.

इ. स. १८२४ मध्यें ब्रह्मी युद्धासाठीं बराकपूरच्या ४७ व्या पलटणीस कूच करण्याचा हुकूम झाला. वाट खुष्कीची होती. पण सामान वाहण्याचे बैल शिपायांनीं स्वखर्चानें मिळवावयाचे होते, आणि ते मिळत नव्हते. अखेर आपणांस जहाजावर चढविणार, अशी शंका पसरली. शिपाई अडून बसले. २ नोव्हेंबर रोजीं सरसेनापति पॅजेट यानें त्यांच्यावर तोफा डागल्या, आणि पुढें त्या पलटणीचें नांवच फौजेच्या यादींतून खोडलें गेलें. बैलांची तक्रार खरी होती, हें मात्र तोफांनीं खोडतां आलें नाहीं.

१८५२ सालीं ३८ व्या पलटणीनें समुद्रमार्गें ब्रह्मदेशीं जाण्याचें नाकारलें, तेव्हां डलहौसीनें तिचा हक्क मान्य केला. मग सरकारनें करारच बदलण्याचें ठरविलें. मुंबई व मद्रासचे शिपाई पूर्वींपासून समुद्रपार जात. १८०१ मध्यें मुंबईच्या पलटणी मिसर देशापर्यंत गेल्या होत्या. हा दाखला पुढें ठेवून कॅनिंगनें २५ जुलै १८५६ रोजीं हुकूम काढला, कीं यापुढें प्रत्येक नव्या रंगरुटानें नेतील तेथें जाण्याची शपथ घ्यावी.

जुन्या शिपायांना हा हुकूम लागू नव्हता. अक्षरशः पाहतां कोणाचाही करार मोडला नव्हता. पण ज्या फौजेंत चाकरी घराण्यांत चालत आली, तेथें बापास सवलत आणि मुलास बंदी, हें कसें रुचावें? आज मुलांवर आलें तें उद्यां आपल्यावर येईल, हा संशय बळावला. १८५७ च्या असंतोषांत त्याचाही वांटा होता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू लवकरच दिसली. १८५८ मध्यें कंपनीचें राज्य राणीकडे गेलें, आणि कंपनीचे गोरे सोल्जरही न विचारतां राणीचे झाले. ते म्हणाले, आम्ही चाकरी कंपनीची पत्करली. धनी बदलला, तर नवी भरती व नवें बक्षीस द्या, नाहींतर मोकळें करा. १८५९ च्या मे महिन्यांत मीरतेस गडबड सुरू झाली. कायदेपंडितांनीं जुना करार बंधनकारक ठरविला होता. तरी सरकार नमलें. तोफा डागल्या गेल्या नाहींत. ज्यांना हवी त्यांना रजा मिळाली, आणि सुमारें १०,००० गोरे सोल्जर सरकारी खर्चानें जहाजांत बसून स्वदेशीं गेले.