एमजीबी मोटारीच्या पुढील चाकांचे संरेखन

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीच्या पुढील चाकांचे संरेखन, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील व्हील अलाइनमेंट, हे त्या चाकांचे कोन निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत आहेत की नाहीत हे तपासून ते जुळवण्याचे काम होय. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात या प्रकारच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. मूळ रचनेत त्यांच्या पुढील चाकांचा फक्त एकच कोन, टो-इन, पाना लावून बदलता येतो. बाकीचे कोन चुकलेले आढळल्यास एखादा भाग झिजला, वाकला किंवा स्प्रिंग खचली असे समजावे लागते.

चाकांचे तोल साधणे, अर्थात व्हील बॅलन्सिंग, हे याहून वेगळे काम आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा तोलाचा असतो. मोटार एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल तर संरेखनाचा संशय घ्यावा.

रचना

प्रत्येक पुढील चाक किंगपिन नावाच्या उभ्या खुंटीभोवती वळते. खुंटीचे खालचे टोक विशबोन या दुहेरी भुजेला आणि वरचे टोक शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या भुजेला जोडलेले असते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची भुजाच वरच्या विशबोनचे काम करते, त्यामुळे त्याचा दांडा सैल झाला की चाकाचा कोनही हलतो. हे सर्व भाग क्रॉसमेंबर या आडव्या पोलादी तुळईवर बसवलेले असतात. स्टिअरिंग रॅक आणि पिनियन पद्धतीचे असून रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे.

कोन

चाकाचा वरचा भाग बाहेर किंवा आत झुकलेला असणे म्हणजे कॅम्बर. एमजीबीत तो सुमारे १ अंश बाहेरच्या बाजूस असतो. किंगपिनचा वरचा भाग मागे कललेला असणे म्हणजे कास्टर. तो सुमारे ७ अंश आहे. एवढ्या मोठ्या कास्टरमुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, पण मोटार उभी करताना ते जड लागते. या जडपणाचा दोष अनेकदा टो-इनला दिला जातो, तो चुकीचा आहे.

दोन्ही चाकांमधील अंतर मागच्यापेक्षा पुढच्या बाजूस किंचित कमी असणे म्हणजे टो-इन. एमजीबीसाठी ते १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.५ ते २.३ मिलिमीटर असावे. धावताना रस्त्याच्या विरोधामुळे ही चाके पुढून बाहेर फाकू पाहतात व सांध्यांतील ढिलाई त्यात खर्ची पडते. आधी ठेवलेल्या टो-इनमुळे ती प्रत्यक्षात जवळजवळ समांतर धावतात. आकडा क्षुल्लक वाटला तरी परिणाम तसा नसतो. १४ इंची रिमवर मोजलेले टो-इन ६ मिलिमीटर झाले, तर भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे ८ मीटर आडवे घासले जाते. टो-इन जास्त असल्यास टायरची बाहेरची कड झिजते, चाके उलट पुढून फाकलेली असल्यास आतली. टायरवरून आडवा हात फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागणे ही त्याची सुरुवातीची खूण होय.

आधीची तपासणी

झिजलेल्या सांध्यांवर केलेले मोजमाप पुढच्या खड्ड्यापर्यंतच खरे राहते. म्हणून प्रथम मोटार जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्यावा आणि चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. चाक डुलत असल्यास दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबायला सांगावे. डुलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. चालूच राहिले तर किंगपिन, त्याचे सांधे किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासावा. प्रत्येक बाजूच्या किंगपिनला ग्रीस भरण्यासाठी तीन निपल असतात आणि दर ३,००० मैलांनी तेथे ग्रीस द्यावे लागते. चाक उचललेले असताना ग्रीस आत नीट पोहोचते. वर्षानुवर्षे कोरडा राहिलेला किंगपिन आखडतो आणि स्टिअरिंग परत फिरत नाही. अशा मोटारीचे टो-इन कितीही अचूक केले तरी ती सरळ चालत नाही.

टो-इन जुळवणे

मोटार सपाट जमिनीवर, टायरमधील हवा योग्य ठेवून आणि स्टिअरिंग सरळ करून उभी करतात. रिमच्या पुढील कडांमधील अंतर चाकाच्या मध्याच्या उंचीवर मोजून त्या जागी खडूने खूण करतात. मग मोटार पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवतात आणि त्याच खुणांवर मागच्या बाजूने मोजतात. यामुळे रिमच्या वाकडेपणाची चूक वजा होते. तारांच्या आऱ्यांच्या चाकांत हा वाकडेपणा अनेकदा टो-इनपेक्षाही जास्त असतो, तेव्हा ही पायरी गाळू नये. मोटार मागे ढकलून मोजल्यास सांध्यांतील ढिलाई उलट बाजूस जाते आणि आकडा फसवा येतो.

फरक आढळल्यास दोन्ही टायरॉडवरील लॉकनट आणि रबरी आवरणाच्या लहान क्लिपा सैल करतात. क्लिप तशीच ठेवल्यास आवरण पिळवटून फाटते आणि रॅकमधील तेल गळते. रॅक पुढे असल्याने टायरॉड आखूड केला की टो-इन वाढते, लांब केला की कमी होते. दोन्ही टायरॉड सारखेच फिरवावेत. एकच फिरवल्यास आकडा बरोबर येईल, पण रॅकचा मध्य सरकून डावे व उजवे वळण असमान होईल आणि स्टिअरिंग तिरके दिसेल. ते स्टिअरिंग काढून सरळ बसवणे म्हणजे चूक झाकणे होय. शेवटी लॉकनट पक्के आवळून मोटार काही मीटर पुढे चालवतात आणि पुन्हा मोजतात.

फेरबदल

सुरुवातीच्या मोटारींना क्रॉस-प्लाय टायर असत; रेडियल टायर वापरणारे काही मालक चाके जवळजवळ समांतर ठेवतात. स्टिअरिंग हलके करण्यासाठी क्रॉसमेंबर आणि बॉडी यांच्यामध्ये पाचरी घालून कास्टर कमी केला जातो. शर्यतीसाठी कॅम्बर आतल्या बाजूस नेणारे विशबोनही मिळतात. असा कोणताही भाग बसवल्यावर टो-इन बदलते, त्यामुळे ते नव्याने जुळवावे लागते.