एका श्वासाची बुडी

समुद्राच्या तळाशीं जाऊन मोत्यांचे शिंपले किंवा स्पंज वर काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा फार प्राचीन आहे. मन्नारच्या आखातांतील मोत्यांचे पाणबुडे आणि जपानच्या किनाऱ्यावरील ‘आमा’ नांवाच्या स्त्रिया यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. शास्त्रज्ञांचा मात्र तिच्यावर बराच काळ विश्वास बसत नव्हता. १९१३ सालीं कार्पाथोस बेटाजवळ ‘रेजिना मार्गेरिता’ या इटालियन युद्धनौकेचा नांगर समुद्रांत गेला. तेव्हां हाजी स्तात्ती नांवाच्या एका ग्रीक स्पंजवाल्यानें हातांत दगड धरून ७० मीटरांहून अधिक खोल बुडी मारली आणि नांगर शोधून दिला. देहानें हा गृहस्थ कांहीं पहिलवान नव्हता.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं विहिरींत सूर मारून तळचा दगड वर आणला असेल, त्यांना दोन-तीन पुरुष पाण्याखालीं कान कसे ठणकूं लागतात तें ठाऊक असेल. दर १० मीटरांस हवेच्या एका पूर्ण दाबाइतका पाण्याचा भार वाढत जातो. १०० मीटरांवर एकंदर दाब पृष्ठभागावरच्या अकरा पट होतो, आणि फुप्फुसांत भरून नेलेली हवा अकराव्या हिश्शाएवढी आकसते. या हिशेबावरून ५० मीटरांच्या सुमारास मनुष्याच्या बरगड्या पिचून जातील, असें मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर-मंडळी मांडीत असत. हिशेबांत चूक नव्हती. पण शरीर आपल्या बाजूनें काय करतें, तें त्यांत धरलेलें नव्हतें. खोल पाण्यांत हातापायांतील रक्त ओसरून छातींत येतें आणि आकसलेल्या हवेची जागा भरून काढतें. हृदयाचे ठोके मंदावतात. प्लीहा आकसून आपल्याजवळचें राखीव रक्त मोकळें करते. सील आणि देवमासा यांना लाभलेली ही देणगी मनुष्यांतही अल्पांशानें आहे. सिसिलीच्या एन्झो मायोर्कानें डॉक्टरांची ती मर्यादा ओलांडली, आणि १९७६ सालीं फ्रेंच पाणबुड्या जाक मायोल यानें एल्बा बेटाजवळ १०० मीटर गांठले. मायोल जड वजनाला धरून खालीं गेला होता व हवेच्या फुग्याला धरून वर आला होता. स्वतःच्या हातापायांच्या बळावर जाऊन येणें ही निराळी गोष्ट होती, आणि तींत एका रशियन स्त्रीनें नांव काढलें.

नाताल्या मोल्चानोव्हा यांचा जन्म ८ मे १९६२ रोजीं तेव्हांच्या सोव्हिएत रशियांतील उफा शहरीं झाला. तरुणपणीं त्या पोहण्याच्या शर्यतींत भाग घेत. पुढें संसार व मुलें यांच्यापायीं शर्यती सुटल्या, आणि दुसऱ्यांना पोहावयास शिकविणें हाच व्यवसाय उरला. ज्या वयांत आपल्याकडे नाकावर चाळिशी येते, त्या वयांत त्यांनीं एका मासिकांत या खेळाविषयीं वाचलें व त्याला आरंभ केला. २००३ सालापासून त्या स्पर्धांत उतरूं लागल्या. उशिरा आरंभ करणाऱ्यांची हौस पुष्कळदां दोन-तीन वर्षांत विरते. नाताल्याबाईंच्या नांवावर बारा वर्षांत ४१ जागतिक विक्रम व २३ जागतिक अजिंक्यपदें जमा झालीं.

या खेळाचे अनेक प्रकार आहेत. एकांत तलावाच्या पाण्यावर पालथें, निश्चल पडून श्वास रोखावयाचा असतो. २०१३ सालीं बेलग्रेड येथें नाताल्याबाईंनीं ९ मिनिटें २ सेकंद श्वास रोखला. तोपर्यंत हें कोणत्याही स्त्रीला साधलें नव्हतें. वस्तुतः पहिली कांहीं मिनिटें सुखाची असतात. नंतर रक्तांत सांचलेल्या कर्बाम्ल वायूमुळें छातीखालचा पडदा आपोआप आचके देऊं लागतो. प्राणवायु अद्याप शिल्लक असतो, परंतु मन ‘आतां श्वास घे’ असा सारखा धोशा लावतें. या धोशाशीं झुंजल्यास प्राणवायूचा व्यय वाढतो. म्हणून नाताल्याबाई झुंजत नसत. अनेक यंत्रांवर एकाच वेळीं लक्ष ठेवणाऱ्या लोकांसाठीं रशियांत एक पद्धति बसविलेली होती. तींत लक्ष एका बिंदूवर न खिळवितां सर्व बाजूंस सारखें पसरून द्यावयाचें असतें. त्यांनीं ती आत्मसात केली आणि शिष्यांना शिकविली. आपल्या योगशास्त्रांतील कुंभक हाच, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण कुंभकाचा हेतु निराळा, त्याला घड्याळाची गरज नाहीं.

२५ सप्टेंबर २००९ रोजीं इजिप्तमधील शर्म-एल्‌-शेख येथें, देवमाशाच्या शेपटासारखा एकच रुंद पंख दोन्ही पायांस लावून, त्या १०१ मीटर खोल जाऊन आल्या. स्वतःच्या बळावर शंभरी ओलांडणारी ही पहिली स्त्री. आरंभीं पाणी शरीराला वर लोटतें, म्हणून पंख जोरानें मारावा लागतो. पुढें फुप्फुसें आकसतात तसतसें शरीर दगडासारखें आपोआप खालीं जाऊं लागतें. त्यावेळीं हालचाल करावयाची नसते. खरी कसोटी परतीच्या वाटेची. तींतही शेवटचे १० मीटर सर्वांत घातक, कारण दाब एकदम कमी झाल्यानें रक्तांतील प्राणवायु झपाट्यानें उतरतो आणि पृष्ठभाग हाताशीं आला असतां मनुष्य बेशुद्ध होतो. म्हणूनच स्पर्धेंत पाणबुड्या दोरीनें मुख्य दोराला जोडलेला असतो, मदतनीस त्याला वाटेंत गांठतात, आणि वर आल्यावर १५ सेकंदांत त्याला शुद्धीवर असल्याची खूण पंचांना द्यावी लागते. ती चुकली तर कितीही खोल गेलेली बुडी रद्द होते. हा नियम कठोर खरा, पण शहाणपणाचा आहे.

विक्रमांपेक्षां नाताल्याबाईंचें शिक्षणकार्य मोठें मानावें लागेल. मॉस्कोच्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यापीठांत त्यांनीं हा विषय शिकविला, त्यावर पाठ्यपुस्तकें लिहिलीं, रशियन संघटनेचें अध्यक्षपद सांभाळलें. त्यांचा मुलगा अलेक्सेइ हाही आईच्या हाताखालीं तयार होऊन जगज्जेता झाला. जातां जातां त्या कविताही लिहीत.

मे २०१५ मध्यें इजिप्तमधील दाहाब येथें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या पंखावांचून ७१ मीटर गेल्या. तोही विक्रमच होता. त्याच वर्षीं २ ऑगस्टला स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ त्या खाजगी शिकवणीसाठीं कांहीं जणांबरोबर समुद्रांत गेल्या होत्या. स्पर्धा नव्हती, पंच नव्हते, स्पर्धेची व्यवस्थाही नव्हती. पायांस पंख नव्हते. बुडी तीस-चाळीस मीटरांची, म्हणजे त्यांच्या दृष्टीनें रोजच्या पाठाएवढी. त्या परत वर आल्या नाहींत. खालच्या जोरदार प्रवाहानें त्यांना ओढून नेलें असावें, असा तर्क संघटनेनें केला. १०१ मीटर जाऊन आलेली बाई ३५ मीटरांत नाहींशी व्हावी, याचें वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटलें. पण आंकडा लहान असला म्हणून समुद्राचा प्रवाह मंद होत नाहीं. कित्येक दिवस शोध चालला, पाण्याखालचें यंत्र ५०० मीटरांपर्यंत उतरविण्यांत आलें, तरी देह मिळाला नाहीं.

अलेक्सेइनें खेळ सोडला नाहीं. जुलै २०१८ मध्यें बहामा बेटांत तो पायांस तसाच रुंद पंख लावून १३० मीटरांवर जाऊन आला. आईनें बसविलेली शिकविण्याची पद्धतिही त्यानें पुढें चालविली.