महामारीच्या काळात कर्करुग्णांची औषधसेवा

कर्करोगाचा उपचार म्हटला की शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील खाट आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु असंख्य रुग्णांचा उपचार घरीच चालू असतो. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांची भेट घ्यायची, औषधालयाच्या खिडकीवरून गोळ्या घ्यायच्या आणि घरी परतायचे, हा त्यांचा नेम. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब रोज घ्यावी लागते, तर स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन बहुधा पाच ते दहा वर्षे. हा क्रम खंडित झाला, तर रोग पुन्हा डोके वर काढू शकतो.

२०२० मधील खंड

कोविडमुळे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबईची लोकल त्याआधीच थांबली होती. १५ जूनला ती सुरू झाली, तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने उपचार चालू ठेवले होते. परंतु वसई-विरारच्या रुग्णाने तेथे पोहोचायचे कसे? नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांची पाहणी बोलकी आहे. २०१९ च्या तुलनेत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी घटल्या.

शासनाने दोन वाटा मोकळ्या केल्या. २५ मार्चच्या मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना दूरध्वनीवरून तपासणी व औषधयोजना करण्याची मुभा मिळाली. २६ मार्चच्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच देता येऊ लागली. मात्र असह्य वेदनांवरील मॉर्फिन अमली पदार्थविषयक कायद्याखाली येत असल्याने या दोन्ही सवलतींच्या बाहेर राहिले. ज्याला हालताही येत नव्हते, त्याच्याच औषधासाठी घरातील कोणाला तरी प्रत्यक्ष जाणे भाग होते.

खिडकीवरील सल्ला

औषध घरपोच आले, तरी त्याबरोबर मिळणारा फार्मासिस्टचा सल्ला येतोच असे नाही. तो किती मोलाचा, हे पुढील बाबींवरून ध्यानी येईल.

१. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मर्कॅप्टोप्युरीन रोज, तर मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच दिली जाते. ती चुकून रोज दिल्यास जिवावर बेतते.
२. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावी. सर्वसाधारणपणे ती दोन आठवडे घेऊन एक आठवडा थांबवतात. हातापायांची त्वचा सोलवटणे वा तीव्र जुलाब डॉक्टरांना लगेच कळवावेत.
३. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत.
४. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तो कोविडचा असो वा अन्य जंतुसंसर्गाचा, तातडीने रुग्णालयाशी संपर्क साधावा.
५. काढे व जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. काहींमुळे कर्करोगाच्या औषधांचा परिणाम बदलतो.

धर्मग्रामाचे कर्तव्य

असा प्रसंग पुन्हा येणारच नाही असे नाही. शिवाय मुसळधार पावसातही लोकल बंद पडते. म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या कर्करुग्णांची, त्यांच्या संमतीने व गुप्तता राखून, नोंद ठेवावी. कोणाच्या गोळ्या केव्हा संपतात, मॉर्फिन आणण्यास कोण जाऊ शकेल, कोणाला दूरध्वनी वापरता येत नाही, हे आधीच ठाऊक असावे. रुग्णाच्या घरी औषधांच्या नावांचा व मात्रांचा कागद आणि किमान आठवडाभराचा साठा असावा.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये ११ फेब्रुवारी हा आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी आपण रुग्णांसाठी प्रार्थना करतो. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्याच, शिवाय उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन पुढील शुश्रूषेचीही सोय केली. कर्करुग्णाला याच पुढील शुश्रूषेची गरज असते. ती आपल्या हातून घडो!