मोहल्ल्यातली भटकी मांजरं : संख्या कशी आवरायची, शेजाऱ्यांना काय सांगायचं?

आकुर्डीत दत्तवाडी असो, विठ्ठलवाडी असो की प्राधिकरणाकडच्या सोसायट्या, मांजरांवरून होणारी भांडणं सगळीकडे सारखीच. एक घर रोज ताटलीत भात-मटण ठेवतं, समोरचं घर जिन्यातल्या घाणीला वैतागतं. मग एखाद्या रात्री कुणीतरी पिल्लं गोणीत भरून लांब सोडून येतं. दोन-तीन महिन्यांत मांजरं पुन्हा तेवढीच होतात आणि शेजाऱ्यांचं बोलणं मात्र बंद झालेलं असतं. यावर उपाय आहे. तो आम्ही इथे टप्प्याटप्प्याने मांडत आहोत.

हाकलून का भागत नाही?

मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. वर्षात दोन-तीन वेळा वीण होते आणि प्रत्येक वेळी सरासरी तीन ते पाच पिल्लं. मांजरं पकडून लांब सोडली, तरी उघडा कचरा, मटण-मच्छीच्या दुकानाबाहेरचं खरकटं आणि आडोसा तिथेच राहतो. त्या जागी दुसरी मांजरं येतात. सोडलेली मांजरं मात्र अनोळखी जागेत उपाशी मरतात किंवा गाडीखाली येतात.

म्हणून जगभर एकच पद्धत मानली जाते : पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि त्याच जागी परत सोडा. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक थोडं कापतात. त्यामुळे कुठल्या मांजराचं ऑपरेशन झालंय हे लांबूनही ओळखता येतं. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांची नसबंदी २०१९ मध्ये सुरू केली.

काम कसं करायचं?

१. आधी मोजणी. किती मांजरी, किती बोके, पिल्लं किती, कानाचं टोक कुणाचं कापलेलं आहे, हे वहीत लिहा. मोबाइलवर फोटो काढा.

२. खाणं रोज एकाच वेळी, एकाच जागी. अर्ध्या तासात ताटली उचला. सवय लागली की पकडणं सोपं जातं.

३. पशुवैद्यक आधी ठरवा, मगच पिंजरा लावा. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे किंवा ‘सारथी’ हेल्पलाइनवर (८८८८००६६६६) चौकशी करा. तिथे सोय झाली नाही तर प्राणिमित्र संस्था किंवा खासगी दवाखाना.

४. आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. मांजर पिंजऱ्यात आलं की लगेच वर चादर टाका, अंधारात ते शांत होतं. हाताने पकडायला जाऊ नका.

५. दूध पाजणारी मांजरी असेल तर पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबा. माणसाळलेल्या पिल्लांना आठ आठवड्यांनंतर चांगलं घर शोधा.

६. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ठेवून घ्या, मग जिथून उचललं तिथेच सोडा.

मसाला, कांदा-लसूण, शिजवलेली हाडं घालू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पाणी ठेवा. आजारी दिसलं म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नका, ती मांजराला विष आहे.

शेजाऱ्यांच्या तक्रारी

*रात्री ओरडतात, वास येतो.* तक्रार खरी आहे. हे ओरडणं माजावर आलेल्या मांजरीचं आणि भांडणाऱ्या बोक्यांचं असतं. उग्र वास बोक्याच्या फवाऱ्याचा. नसबंदीनंतर काही आठवड्यांत दोन्ही बरंच कमी होतं.

*कुंडीत, पार्किंगमध्ये घाण करतात.* भिंतीकडेच्या कोपऱ्यात वाळूचं खोकं ठेवा. जो खाऊ घालतो त्यानेच ते रोज साफ करावं. कुंडीच्या मातीवर खडे पसरा, ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा.

*आजार पसरतात.* घरात गरोदर बाई असेल तर मांजराची विष्ठा तिने उचलू नये. बागेतल्या मातीत हातमोजे घालावेत. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी वायसीएम किंवा जवळच्या दवाखान्यात जा. रेबीज मांजरापासूनही होतो.

*मग विष घालू का?* नाही. प्राण्याला विष घालणं, मारणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही लागू होतो.

खाऊ घालणाऱ्यांवरही बंधन आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाण्याची जागा जिना, येण्याजाण्याची वाट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. ती सोसायटीने ठरवून द्यायची आहे. हडपसरमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये एका फ्लॅटमध्ये ३०० हून जास्त मांजरं आढळली. शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर महापालिकेला नोटीस द्यावी लागली. नुसती माया पुरत नाही, तिला शिस्त लागते.

दीन काय सांगतो?

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या भांड्यातून मांजराला पाणी पिऊ दिलं आणि मांजर नापाक नाही, असं प्रेषितांचं (स.) सांगणं ऐकवलं, हेही हदीसमध्ये आहे. पण शेजाऱ्याला त्रास न देण्याची ताकीदही तितकीच कडक आहे. एक हक्क सांभाळताना दुसरा तुडवून चालणार नाही.

नसबंदी जायज आहे का, असं बरेच जण विचारतात. कुर्बानीला खस्सी बोकड आपण नेहमीच घेतो. हनफी फिकहच्या ‘फतावा आलमगिरी’त फायदा असेल किंवा त्रास टळत असेल तर बोक्याला खस्सी करण्यात हरकत नाही, असं म्हटलं आहे. मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारा. खर्चासाठी जकात वापरू नका, ती ठरलेल्या हकदारांचीच आहे. यासाठी नफिल सदका काढा.

सुरुवात कुठून?

पहिली बैठक तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यासोबतच घ्या. खाण्याची वेळ आणि जागा, साफसफाईची पाळी, खर्चाची वाटणी एका कागदावर लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. मग आधी मांजरींची नसबंदी करा, नंतर बोक्यांची. नवं मांजर दिसलं की वहीत नोंद करा आणि तेही त्याच रांगेत लावा. अर्धी मांजरं सोडून काम थांबवलं तर वर्षभरात संख्या पुन्हा तिथेच येते, म्हणून शेवटच्या मांजरापर्यंत वही बंद करू नका.