पाड्यावर जाणारा वजनकांटा



आजारी पडल्यावर वैद्याकडे जावें, ही रीत जुनी आहे. परंतु आजार दिसण्यापूर्वींच ठराविक दिवशीं शरीराची तपासणी करावी, हा विचार त्या मानानें नवा. तो आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरांत कसा पोंचला, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

इ. स. 1892 मध्यें पॅरिस येथील शारिते रुग्णालयांत पियेर ब्युदँ या डॉक्टरांनीं एक नवा पायंडा घातला. तेथें जन्मलेलीं मुलें घरीं गेल्यावरही मातांनीं त्यांस ठराविक दिवशीं परत आणावें, मुलाचें वजन व्हावें आणि आईस स्तनपानाविषयीं सल्ला मिळावा, अशी ती व्यवस्था होती. मूल आजारी नसतांही आणावयाचें, हेंच त्यांतील नवेपण. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास डेव्हिड मॉर्ले यांनीं नायजेरियांतील इलेशा येथें मुलाचें वजन वेळोवेळीं टिपण्याचा एक साधा तक्ता तयार केला. हा तक्ता आईच्याच हवालीं असे. रेघ वर चढली तर मूल वाढत आहे. ती आडवी झाली कीं सावध व्हावयाचें. अक्षरओळख नसलेल्या मातेसही हें समजतें.

आम्हां शिक्षकांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. वार्षिक परीक्षेच्या एका आंकड्यानें विद्यार्थी कळत नाहीं. दरमहाच्या चांचणींत तो मागें पडूं लागला म्हणजे आपण जागे होतों. वजनाचेंही तसेंच आहे. एकटा आंकडा मुका असतो; दोन शेजारीं ठेवले म्हणजे ते बोलूं लागतात. अन्नावांचून खंगणारें मूल पुष्कळदां रडत नाहीं, निपचित पडून राहतें. रोज डोळ्यांपुढें असलेलें मूल हळूहळू वाळतें, तें आईच्याही नजरेस येत नाहीं. म्हणून कांट्याची साक्ष घ्यावी लागते.

आपल्या देशांत 2 ऑक्टोबर 1975 रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि सहा वर्षांखालील मुलांचें वजन नियमितपणें करण्याचें काम अंगणवाडीकडे आलें. पण आमचा मुलूख अवघड. 1 जुलै 1998 रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके सातपुड्याच्या रांगांत पसरलेले आहेत. पाडे विखुरलेले, त्यांत नर्मदाकांठीं सरदार सरोवराचें पाणी चढल्यापासून कित्येक पाड्यांची वाट होडीचीच झाली. मजुरीसाठीं कुटुंब गुजरातेंत गेलें कीं मुलाच्या तक्त्यावरील रेघ मध्येंच तुटते.

इ. स. 2020 मध्यें करोनाच्या साथीच्या भयानें लोक अंगणवाडींत येईनासे झाले. तेव्हां चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनीं एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि सुमारें 18 किलोमीटर वल्हवीत त्या अलीगाट व दादर या पाड्यांवर जाऊं लागल्या. तान्हीं व कुपोषित मुलें मिळून 25, आणि 7 गरोदर स्त्रिया, इतकी त्यांची यादी. वजन पाहणें, प्रकृतीची विचारपूस करणें, आहार पोंचविणें, हें काम त्यांनीं खंडूं दिलें नाहीं. साथ ओसरेपर्यंत थांबलें तर काय बिघडतें, असें कोणी विचारील. दोन महिन्यांच्या बालकास सहा महिन्यांनीं कांट्यावर घातलें, तर जें टळण्याजोगें होतें तें कदाचित् घडूनही गेलेलें असतें.

मात्र कांटा म्हणजे अन्न नव्हे. रेघ घसरलेली पाहून पोटाला आहार, दुखण्याला औषध आणि गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्राची वाट मिळाली नाहीं, तर तो तक्ता असून नसून सारखाच. तपासणी ही कृतीची पहिली पायरी होय.

म्हणून श्रोत्यांस, विशेषतः माताभगिनींस, एवढीच विनंती कीं, नेमलेला दिवस चुकवूं नका. मूल हसतखेळत असेल, त्या दिवशींही त्यास कांट्यावर बसवा.